खालचा रंग

अमरावतीच्या अंबापेठेतल्या माझ्या घराच्या दारावर, कडीच्या जरा वर, आठ आण्याच्या नाण्याएवढी एक जागा आहे. तिथला रंग कुणीतरी घासून काढलेला आहे. वाकून पाहिलं तर एकात एक वर्तुळं दिसतात. बाहेर चॉकलेटी, त्याच्या आत हिरवं, त्याच्या आत फिकट निळं आणि अगदी मधोमध उघडं लाकूड. नवा पाहुणा आला की तिथं बोट ठेवून विचारतो, हे काय झालं? मी म्हणतो, हे आमचे मोहोड मास्तर.

शेषराव मोहोड आमच्या शाळेत ड्रॉइंग शिकवायचे आणि मी भूगोल. मी त्या घरात भाड्याने राहायला आलो त्याच्या दुसऱ्याच दिवशी सकाळी शेजारधर्म म्हणून ते चहाला आले. उंच, किडकिडीत माणूस, पांढरा पायजमा आणि वर बारा महिने एकच काळा कोट. मी आपला उंबऱ्यात उभा राहून मालक कसा आहे, पाणी किती वेळ येतं, असलं काहीबाही विचारत होतो आणि मास्तर हुं हुं करत होते. मध्येच कुठून तरी खर्र खर्र आवाज येऊ लागला. मला वाटलं उंदीर असेल.

"देशमुख," मास्तर दारावर फुंकर मारत म्हणाले, "हे दार या घराचं नाई."

"म्हणजे?"

"खालचा रंग पाहा. सगळ्यात खाली निळा हाये. या घरात दुसऱ्या कोनत्या लाकडाले निळा हाये काय? थे चौकट पाहा, थे खिडकी पाहा. हे दार कुठून तरी उचलून आणलं हाये."

मालकाला विचारलं तर तो आधी रागावला आणि मग कबूल झाला की दार एका पाडलेल्या घराच्या लाकडातून स्वस्तात मिळालं होतं. मला त्या दाराच्या जन्मकुंडलीशी काही देणंघेणं नव्हतं. पण मास्तरांना होतं. दुसऱ्याच्या घरी चहा प्यायचा तर निदान दार कोणाचं आहे हे ठाऊक पाहिजे, असा त्यांचा चेहरा होता.

लोकांच्या खिशात पानाची डबी असते, तसा मास्तरांच्या कोटाच्या खिशात पॉलिशपेपरचा तुकडा असायचा. जिथं उभे राहतील तिथं घासायचे. टांगा, एसटीचं दार, शाळेचं कपाट, दवाखान्यातला बाक, काही वर्ज्य नव्हतं. मुख्याध्यापकांशी बोलताना सुद्धा हात मागं टेबलाच्या पायावर चालू. घासलेल्या जागेवर थुंकी लावायची, डोळा बारीक करायचा आणि म्हणायचं, "खालचा रंग पाहा." गावात त्यांना येताना पाहिलं की सायकलवाले सायकली आत घ्यायचे.

एकदा आमच्या संस्कृतच्या मास्तरांच्या मुलीला पाहायला अकोल्याची मंडळी आली. मुलगा रुबाबदार होता आणि सोबत नवी कोरी सायकल आणली होती. तिचं कौतुक आम्ही सगळ्यांनी केलं. पोहे खाऊन मंडळी बाहेर येतात तर मोहोड मास्तर सायकलीपाशी उकिडवे बसलेले. "जावईबापू," ते अगदी निरागसपणे म्हणाले, "हे पह्यले लाल होती, मंग काळी झाली, मंग पुन्हा लाल. तिसरा हात मातर चांगला बसला हाये." सोयरीक मोडता मोडता राहिली. लग्नात मास्तरांनी आहेर दिला तो नवऱ्या मुलाने त्यांच्याकडे न बघता घेतला.

आता या माणसाचं नेहमी बरोबरच यायचं असं कुणी समजू नये. वाचनालयाच्या फाटकाला रंग द्यायचा होता तेव्हा मास्तरांनी ते घासून जाहीर केलं की मूळ रंग पोपटी होता आणि मूळचाच दिला पाहिजे. वाचनालयवाले बिचारे भिडेला पडले. पोपटी फाटक उभं राहिलं आणि येणारे जाणारे हसू लागले. मग फाटक करणारा म्हातारा सुतार एक दिवस काठी टेकत आला आणि म्हणाला, अहो, ते मी जुन्या दमणीच्या, म्हणजे बैलांच्या हलक्या गाडीच्या, फळ्यांतून केलं होतं, पोपटी रंग त्या दमणीचा. आम्ही सगळे मास्तरांच्या तोंडाकडे पाहू लागलो. मास्तरांनी फाटक नखाने टोकरून पाहिलं आणि म्हणाले, "लाकडानं खोटं सांगितलं." ती फाटकाची चूक होती, त्यांची नव्हती.

वर्गातही तोच खाक्या. पोरांनी चित्रात निळं आभाळ काढलं की मास्तर विचारायचे, "काहून रे, एप्रिलात अमरावतीचं आभाळ निळं असते काय? जा, बाहेर जाऊन पाय." अख्खा वर्ग मैदानात उन्हात उभा राहून आभाळ बघायचा आणि परत येऊन चित्रात राखाडी रंग भरायचा. ड्रॉइंगच्या परीक्षेत आमच्या शाळेची पोरं कमी मार्क मिळवायची, कारण परीक्षकांना आभाळ निळंच लागायचं.

मास्तर लढाईत होते, एवढं सगळ्यांना ठाऊक होतं. दुसऱ्या महायुद्धात विमानदळात भरती होऊन ते पूर्वेकडे, ब्रह्मदेशाच्या सरहद्दीवर दोन-तीन वर्षं राहून आले होते. शिक्षकांच्या खोलीत पावसाळ्याच्या दिवसांत कुणीतरी हमखास विषय काढायचं, की मास्तर, लढाईतलं काही सांगा ना. मास्तर म्हणायचे, "काय सांगू? विमानायले रंग मारला. कापड फाटलं तर शिवलं." आम्ही वाट पाहायचो. पुढं काही नाही. लढाईत जाऊन आलेल्या माणसाकडे निदान एखादा वाघ तरी असावा अशी आमची अपेक्षा होती.

आणखी एक गोष्ट होती. महिन्यातल्या एखाद्या रविवारी मास्तर अमरावती-बडनेरा शटल पकडून बडनेऱ्याला जायचे. कशाला, म्हणून विचारलं तर म्हणायचे, "डबे पायाले." बडनेरा जंक्शनवर सगळ्या हिंदुस्थानचे मालडबे येऊन उभे राहतात. त्यांचे रंग घासत बसत असतील झालं, असं आम्ही धरून चालायचो. त्यांच्या घरच्यांना, म्हणजे आमच्या वैनींना, मी एकदा गमतीत म्हटलं, की रेल्वेवाले एक दिवस पकडून नेतील यांना. वैनी हसल्या नाहीत. "जाऊ द्या त्यायले," म्हणाल्या आणि मास्तर निघाले तसा त्यांना डब्यात तिळाच्या पोळ्या बांधून दिल्या. मालडबे पाहायला जाणाऱ्या माणसाला इतक्या पोळ्या कशाला, हा प्रश्न मला पडायला हवा होता, पण पडला नाही.

साठ साल उलटून गेल्यावरचा एक हिवाळा होता. अकोल्याच्या मोतीशेठची जीप शाळेच्या फाटकात येऊन उभी राहिली. मोतीशेठची जिनिंग फॅक्टरी होती आणि नाद नाना प्रकारचे होते. आधी घोडे, मग मोटारसायकली आणि आता विमान. लढाईनंतर लिलावात निघालेलं, दहा ठिकाणी फिरून भंगारात पडलेलं एक लहानसं विमान त्याने घेतलं होतं. एक हुशार मिस्त्री गाठून दोन वर्षं खपून ते उडतं केलं होतं. अमरावतीला शेतकी प्रदर्शन भरायचं होतं आणि त्याच्या उद्घाटनाला हे विमान अकोल्याहून उडत येऊन सगळ्यांच्या डोक्यावरून फिरून मैदानात उतरणार होतं. राहिला होता फक्त रंग.

"मास्तर," शेठ म्हणाला, "लढाईतल्या विमानायले रंग मारलेला मानूस या दोन जिल्ह्यांत तुमीच हा म्हनतात. बस, असा रंग मारा का लोकायची बोटं तोंडात गेली पायजे."

मास्तरांनी एवढंच विचारलं, "कोनतं विमान हाये?" शेठने खिशातून एक फोटो काढला. दोन-तीन माणसांचं विमान, डोक्यावरून आडवा गेलेला एकच लांब पंख, बाजूला रुंद दार. मास्तरांनी तो फोटो हातात घेतला आणि तास सुरू झाल्याची घंटा झाली तरी ते हलले नाहीत.

पुढच्या रविवारी ते बडनेऱ्याला गेले नाहीत. मला घेऊन अकोल्याला गेले. गावाबाहेरच्या धावपट्टीच्या कडेला पत्र्याच्या शेडमध्ये ते विमान उभं होतं. अंगावर नवं कोरं पांढरं कापड ताणून बसवलेलं. होय, कापड. मला तोवर वाटायचं विमान सगळं लोखंडी असतं. नाकाजवळचा पत्रा आणि दार तेवढं जुनं होतं, चकचकीत पिवळं.

शेठने आपला बेत सांगितला. अंग पिवळंच ठेवायचं, वर लाल पट्टे, नाकावर जबडा उघडलेला वाघ, पंखाखाली फॅक्टरीचं नाव. मास्तर ऐकत होते असं शेठला वाटत होतं. मी मास्तरांना ओळखत असल्यामुळे त्यांच्या हाताकडे पाहत होतो. दारावर खर्र खर्र सुरू झालं होतं.

"शेठ, खालचा रंग पाहा."

पिवळ्याच्या आत चांदीसारखा, त्याच्या आत पुन्हा पिवळा आणि सगळ्यात आत पत्र्याला चिकटून बसलेला एक शेणकट हिरवा. मास्तरांनी त्या हिरव्यावर अंगठा ठेवला आणि बराच वेळ काढला नाही.

"हे लढाईतलं हाये," ते म्हणाले.

शेठ खूश झाला. भंगार घेतलं म्हणून त्याला हसलेल्या लोकांची तोंडं त्याच्या डोळ्यासमोर आली असावीत. पण मास्तर पुढं म्हणाले की मग सगळं अंग असंच पाहिजे, पिवळं नाही, वाघ नाही. शेठचा चेहरा उतरला. "मास्तर, हे तर शेणावानी हाये. खालून कोनाले दिसन हे?"

"दिसू नये म्हनूनच तर हा रंग असते शेठ."

"अन् मी काय याच्यासाठी दोन वर्सं घातली काय, का विमान कोनाले दिसू नये?"

या मुद्द्यावर दोघं दुपारपर्यंत भांडले. मिस्त्रीने मध्ये दोनदा चहा पाजला. शेवटी मास्तरांनी आवाज खाली आणला आणि म्हणाले, "शेठ, हे विमान जखमी लोकायले आणाले जात होतं. जंगलात, शेतात, कुठंबी उतरून, एक जखमी घेऊन परत. त्याच्या नाकावर वाघ काढून त्याची थट्टा नका करू." शेठ हौशी होता, पण मनाने वाईट नव्हता. त्याने वाघ सोडला.

मग त्या शेणकट हिरव्याचा शोध सुरू झाला. कापडाला लावायचं रोगण मिस्त्रीकडे होतं, पण त्यात तो रंग कालवायचा कसा, हे फक्त मास्तरांना ठाऊक होतं, आणि तेही वीस वर्षांपूर्वीचं. पिवडी, काजळी, थोडी काव, असं घरी खलत बसायचे आणि मिळेल त्या वस्तूवर लावून पाहायचे. ओला असताना वेगळा, वाळल्यावर वेगळा, सकाळच्या उन्हात बरा तर दुपारी साफ चुकलेला. वैनींची परात हिरवी झाली, बादली हिरवी झाली, आमच्या दोघांच्या मधली भिंत माझ्याही बाजूने हिरवी झाली. "आमच्या घरात एक वस्तू दोन दिस एका रंगाची राहात नाई भाऊ," वैनी मला सांगत होत्या, "काल यायच्या चष्म्याच्या घरालेबी लावला."

एक दिवस मास्तर माझ्या वर्गात शिरले. मी दख्खनच्या नद्या शिकवत होतो. ते काही न बोलता खिडकीपाशी गेले, हातातली फळी उन्हात धरली आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "जमला." मुलांनी टाळ्या वाजवल्या. कशासाठी ते त्यांना माहीत नव्हतं.

यानंतर पंखावरच्या गोलाचं भांडण निघालं. लढाईतल्या विमानांच्या पंखावर खुणेचा मोठा गोल असतो. मास्तरांनी तो दोन निळ्या रंगांत काढला, बाहेर गडद निळा आणि आत फिकट. प्रदर्शनाच्या मंडळींपैकी कुणीतरी फोटोत पाहिलेलं होतं की आत लाल ठिपका असतो. तो कुठं गेला? मास्तर विसरले, अशी कुजबुज झाली. मास्तरांनी सांगितलं की त्या आघाडीवर शत्रूची खूणच लाल गोल होती. आपलं विमान त्यांचं समजून आपलीच माणसं गोळ्या घालतील, म्हणून आपल्या सगळ्या विमानांवरचा लाल पुसून टाकला होता. "म्या सोता पुसला," ते म्हणाले. मंडळींनी माना डोलावल्या, पण शेठ मला बाजूला घेऊन म्हणाला, एखादा बारीकसा ठिपका चालला असता.

खरी खडाजंगी झाली ती नंबरवरून. सरकारी नोंदणीची अक्षरं तर बारीक का होईना लिहावीच लागणार होती, ती मास्तरांनी तोंड वाकडं करून शेपटीखाली लिहिली. पण लढाईत प्रत्येक विमानाला ओळखीचं एक अक्षर असायचं आणि शेठला एखाद्या नावाजलेल्या विमानाचं ते अक्षर पाहिजे होतं. मास्तर तांबडे झाले. "या विमानाचं अक्षर आपल्याले मालूम नाई. मालूम नाई तर जागा खाली राहीन. दुसऱ्याचं नाव लावून हिंडनं म्हंजे दुसऱ्याच्या नावानं पंगतीत बसनं हाये. मी असलं करत नाई." जागा रिकामी राहिली.

उद्घाटनाच्या आदल्या दिवशी मी मास्तरांसोबत पुन्हा अकोल्याला गेलो. शेडच्या बाहेर ते विमान संध्याकाळच्या उन्हात उभं होतं आणि खरं सांगतो, मागच्या बाभळींत ते जवळजवळ दिसत नव्हतं. मी भोवती फिरून पाहू लागलो. दाराच्या मागं एका ठिकाणी पाय थबकले. तिथं वहीच्या पानाएवढं एक चौकोनी ठिगळ होतं. वर हिरवा नव्हताच. नुसता विटकरी लाल, कापडाला पहिल्यांदा लावतात तो अस्तराचा हात. आणि त्याच्या पुढं, जिथं जागा रिकामी राहायची होती, तिथं पांढऱ्या रंगात इंग्रजी 'क्यू' काढलेला.

अशी संधी आयुष्यात पुन्हा येत नाही. मी खिशात हात घालून, डोळा बारीक करून म्हटलं, "मास्तर, खालचा रंग पाहा. वरचा राहिला."

मास्तर हसले नाहीत. "राहिला नाई," ते म्हणाले.

"आणि हा क्यू? या विमानाचं अक्षर तर आपल्याला मालूम नव्हतं."

मास्तरांनी ब्रश टर्पेंटाइनमध्ये बुडवला आणि पुसत बसले. मग म्हणाले, "उद्या मंडपात नका बसू. माझ्यासंगं बडनेऱ्याले चला."

उद्घाटनाच्या मंडपात मास्तरांची खुर्ची शेठच्या शेजारी, अगदी पहिल्या रांगेत होती. ती सोडून आम्ही सकाळच्या शटलमध्ये बसलो. मास्तरांनी कोट धुऊन इस्त्री केला होता आणि मांडीवर वैनींच्या पोळ्यांचा डबा होता. बडनेऱ्याला उतरल्यावर मालडब्यांची रांग लागली होती. मास्तरांनी तिकडे मानही वळवली नाही. रूळ ओलांडून जुन्या वस्तीत शिरले, वळणं घेत घेत एका मातीच्या घरापुढं थांबले. अंगणात बाजेवर एक म्हातारी बसली होती, अकोल्याच्या दिशेला तोंड करून.

"आला का रे शेष्या?" ती म्हणाली. मास्तरांना अशी हाक मारणारं कुणी असेल, हे मला कधी सुचलंही नव्हतं.

"आलो माय. हे आमचे देशमुख मास्तर. भूगोल शिकवतात."

तिने माझ्या आवाजाच्या दिशेला मान वळवली. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलेले, उजेड आणि अंधार एवढंच कळत असावं. "भूगोल म्हंजे डोंगर, नद्या, हे ना? मंग तुमाले ठावं असन बापू, ब्रह्मदेशाच्या वाटेवर थो डोंगर कुठं हाये थो." मी ती सरहद्द वर्षानुवर्षं फळ्यावर काढत आलो होतो. तिचा डोंगर त्यात नव्हता.

मास्तर गल्लीच्या तोंडाशी जाऊन आभाळ पाहू लागले. एका पोरीने मला कण्या आणि ताक आणून दिलं. ती म्हातारीच्या भावाची नात होती. आत भिंतीवर बुद्धाची तसबीर होती आणि तिच्याशेजारी विमानदळाच्या टोपीतला एक मुलगा, ओठ मिटून हसू दाबत असलेला. "थो माहा सुदाम," म्हातारी म्हणाली. फोटो कुठं आहे आणि मी कुठं पाहतोय, हे तिला न पाहता कळलं होतं.

भागाबाई वानखडे तिचं नाव. नवरा रेल्वेत खलाशी होता. सुदाम आणि शेषराव एकाच दिवशी भरती झाले, एकाच तंबूत राहिले. एक विमानात बसून जखमींना उचलून आणायचा आणि दुसरा ते विमान रंगवायचा. हे सगळं ती अगदी शांतपणे सांगत होती.

"एक दिस इमानाले गोळी लागली. कापड फाटलं. शेष्यानं ठिगळ लावलं, पन हिरवा रंग सरला होता. लाल तसाच राहिला. शेष्या म्हने उद्या मारतो. तं सुदाम हासून म्हने, राहू दे, माह्या मायच्या लुगड्याले असंच ठिगळ हाये." ती थोडी थांबली. "दुसऱ्या दिशी इमान गेलं, थे आलंच नाई. ढगात डोंगराले लागलं म्हनतात. पन याले वाटते, ठिगळ लाल होतं म्हनून दुश्मनाले दिसलं. इतकी वर्सं झाली, महिन्याच्या महिन्याले येते. थे इमान कसं होतं, रंग कसा होता, हेच सांगते. मले आता सारं पाठ हाये."

मी हातातलं ताक खाली ठेवलं. अमरावतीतल्या सगळ्या दारांवरचे ते घासलेले गोल माझ्या डोळ्यासमोर आले. आम्ही त्यांना हसत होतो आणि हा माणूस वीस वर्षं राहून गेलेला एक हात शोधत हिंडत होता. मला फार वाईट वाटलं.

आधी आवाज आला. मास्तर धावत अंगणात आले आणि बाजेपाशी उकिडवे बसले. अकोल्याहून रुळांच्या कडेकडेने ते विमान येत होतं, खूपच खाली. मास्तरांनी वैमानिकाला सांगून ठेवलं असणार, कारण वस्तीवर आल्यावर ते कलंडलं आणि एक मोठी चक्कर घेऊ लागलं. गल्लीतली पोरं ओरडत सुटली. म्हातारीने तोंड वर केलं होतं, पण ती पाहत नव्हती, ऐकत होती.

"पंखावरच्या गोलात लाल हाये का?"

"नाई माय. दोन निळे."

"अक्षर?"

"तेच."

"अन् ठिगळ?"

विमान पुन्हा डोक्यावरून गेलं आणि मला ते स्वच्छ दिसलं, त्या शेणकट हिरव्यावर एवढासा लाल चौकोन. "हाये माय," ते म्हणाले. "दाराच्या मांगं. तसंच."

तिने चाचपडत त्यांच्या डोक्यावर हात ठेवला. "मंग राहू दे आता थे. त्याच्यावर रंग नको मारू. सुदामले आवडत होतं."

मास्तर तिच्या पायांपाशी मान खाली घालून रडले. म्हातारीने हात काढला नाही. आवाज अमरावतीकडे लांब जात जात बंद झाला, तोवर ती तशीच वर तोंड करून बसली होती.

परतीच्या शटलमध्ये मला राहवलं नाही. मी म्हटलं, "मास्तर, तिला दिसत नाही. तुम्ही वाघ काढला असता आणि नुसतं 'ठिगळ आहे' म्हणाला असता, तरी तिला कळलं नसतं."

मास्तरांनी माझ्याकडे आश्चर्याने पाहिलं. "मंग तिले खोटं सांगितलं असतं ना मी."

"आणि दुसऱ्याचं नाव लावून हिंडणं?"

"विमानाले काय समजते देशमुख," ते म्हणाले आणि खिडकीबाहेर पाहू लागले.

प्रदर्शनाच्या मैदानावर पोचलो तेव्हा विमानाभोवती ही गर्दी उसळली होती. शेठ हार घालून उभा होता. मास्तरांची रिकामी खुर्ची त्याला लागली असणार, पण दिवसच असा होता की त्याने ते मनावर घेतलं नाही. फक्त त्यांचा हात धरून त्यांना दाराच्या मागं नेलं आणि त्या लाल चौकोनावर बोट ठेवलं.

"मास्तर, सारं बराबर केलं अन् एवढा तुकडा राहिला. उद्या मारून टाका."

"नाई शेठ," मास्तर म्हणाले. "मायनं राहू दे म्हनलं."

मास्तरांची आई ते लहान असतानाच वारली होती, हे रंगकाम चालू असताना शेठच्या कानावर आलं होतं. तो गोंधळून माझ्याकडे पाहू लागला. मी म्हटलं, "राहू द्या शेठ."

मास्तरांनी खिशातून पॉलिशपेपर काढला, हातात उलटसुलट केला आणि पुन्हा खिशात ठेवला. मग गर्दीतल्या कुणाचा तरी हात त्या ठिगळाला लागत होता, त्याला म्हणाले, "सांभाळून भाऊ, रंग ओला हाये."

तो चांगला वाळलेला होता.